कागद ठेवायची जागा

आबाजीची लँडमास्टर गाडी नवरी आत बसली की बंद पडते, ही गोष्ट भवानीनगरपासून लासुर्ण्यापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. एरवी ती गाडी शहाण्यासारखी वागायची. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आणायची, पाव्हण्यांना एसटी स्टँडवरून उचलायची, मोरगावच्या गणपतीला जाऊन त्याच दिवशी परत यायची. पण पाठवणीची वेळ झाली, नवरी डोळे पुसत मागच्या सीटवर बसली, चाकाखाली लिंबू ठेवलं, की हिचं नुसतं खर्र खर्र. मांडवातली माणसं हसायची. "आबाजी, तुझी गाडी हाय का सासुरवाशीण?" असं कुणीतरी म्हणायचंच.

आबाजी मान खाली घालून उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि आत डोकं घालायचा. चार तरणी पोरं बाह्या सरसावून पुढं आली की म्हणायचा, "धक्का नको रं. पॉइंटची भानगड हाय. घासाया लागत्याल." मग बॉनेटच्या आड पान्याचा ठणठणाट सुरू व्हायचा. नवऱ्याकडची मंडळी घड्याळं बघायची, पंगतीतली म्हातारी माणसं परत खुर्चीवर टेकायची. आणि तोवर नवरीची आई खिडकीशी आलेली असायची. दिवसभर वाढपी, मानपान, रुसवेफुगवे यांत त्या बाईला लेकीकडं धड बघायलाही सवड मिळालेली नसायची. ती आता मिळायची. आतलं रडणं ओसरलं, हुंदके लांब लांब यायला लागले, की आबाजी बॉनेट लावायचा, स्टार्टर मारायचा आणि लँडमास्टर काही झालंच नाही अशा थाटात चालू लागायची.

खरं सांगायचं तर ती बंद पडत नव्हती. आबाजी ती बंद पाडत होता.

गाडीच्या इंजिनाला एक डेल्को असतो. त्याच्या टोपीखाली कुंकवाच्या टिकलीएवढे दोन पॉइंट असतात. ते एकमेकांना शिवले-सुटले की ठिणगी पडते आणि गाडी चालते. त्या दोघांच्या मध्ये कागदाचा एक तुकडा सरकवला, की मग विमानाचं पेट्रोल घाला नाहीतर अख्खं गाव धक्क्याला लावा, गाडी ढिम्म हलायची नाही. पंगती उठत असताना आबाजी रेडिएटरचं पाणी बघायच्या निमित्तानं गाडीकडं जायचा, त्याच लग्नाच्या पत्रिकेचा हळद लावलेला कोपरा फाडायचा आणि गुपचूप पॉइंटमध्ये सरकवायचा. वेळ झाली की काढून टाकायचा. एवढीच ती भानगड.

हे सुरू झालं ते सणसरच्या एका लग्नापासून. तिथं गाडी खरोखरच बंद पडली होती. आबाजीच्या अंगाला दरदरून घाम सुटला. तेव्हा त्यानं ती गाडी नुकतीच घेतली होती. मूळची ती आप्पासाहेब नावाच्या बागायतदाराची, आणि आबाजी त्यांचा ड्रायव्हर. आप्पासाहेब गेल्यावर त्यांच्या पुण्यातल्या मुलांना ते धूड नको होतं, म्हणून ते याच्या पदरात पडलं. आबाजीच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली, त्याच्या पोराच्या दारात मोटार उभी राहिली, म्हणून गावानं तोंडात बोटं घातली होती. आणि पहिल्याच लग्नात ही अशी नाचक्की. पण गाडी सुरू होऊन निघायला लागली, तेव्हा नवरीची आई पुढं आली, आबाजीच्या हातात ओटीतला नारळ दिला आणि म्हणाली, "बरं झालं बाबा तुझी गाडी बंद पडली."

घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं. साखरबाई भाकरी थापत होती. ती आधी हसली, मग पदरानं डोळे पुसले, मग म्हणाली, "मग पाडा की दर टायमाला."

नवराबायकोत दुसरं काही लपवण्यासारखं नव्हतं, पण हे एक गुपित दोघांनी जपलं. तिसरी वाटेकरी झाली ती त्यांची लेक प्रतिक्षा. लहान असताना ती हटकून वरातीला यायची आणि पुढच्या सीटवर बापाच्या शेजारी बसायची. एकदा तिनं त्याला कागद सरकवताना बघितलं.

"आबा, ह्यो कागूद कशाला?"

"गाडीला घास भरवतुया," आबाजी म्हणाला. "कुणाला सांगू नगं. नजर लागंल."

तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढच्या सीटवर बसून तिनं गावोगावच्या आयांचं आणि लेकींचं बोलणं ऐकलं. आबाजीनं मात्र ते कधीच ऐकलं नाही. पाना आपटायचा तो त्यासाठीच. बायकांचं बोलणं आपल्या कानावर पडू नये, अशी त्याची रीत होती. खिडकीशी काय चालतं हे त्याला फक्त रडण्याच्या चढउतारावरून कळायचं.

थोरला रविराज या गुपितात नव्हता. त्याला सांगावं असं आबाजीला कितीदा वाटलं, पण बापानं मुलाला कोणत्या तोंडानं सांगायचं की बायका रडाव्यात म्हणून मी गाडी बंद पाडतो? पुढं रविराज मिस्त्री झाला. भवानीनगरच्या चौकात त्यानं गॅरेज टाकलं, हात चांगला बसला, आणि मग बापाच्या गाडीचं हे खूळ त्याच्या वर्मी लागायला लागलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "रवीशेठ, बापाची गाडी सुधरंना, आमची काय सुधरणार?" तो हसण्यावारी न्यायचा, पण घरी आल्यावर डेल्कोची टोपी काढून पॉइंटकडं टक लावून बघत बसायचा. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. प्रत्येक वेळी म्हणायचा, "आबा, आता बंद पडायचं काय कामच न्हाय." आणि पुढच्या लग्नात गाडी बंद पडायचीच. पोराच्या चेहऱ्याकडं बघून आबाजीला चोरट्यासारखं व्हायचं.

त्यात जमाना बदलला. सुमो आल्या, ओम्नी आल्या. तरीही बायका हट्ट धरायच्या, नवरी आबाजीच्याच गाडीतून जाईल. बाप्ये विचारायचे, कशाला ते खटारं? बायका सांगायच्या नाहीत.

शहाण्णव सालच्या वैशाखात प्रतिक्षाचं लग्न ठरलं, आणि घरात अबोला शिरला.

पोरगी बारावी झालेली. बारामतीला नर्सिंगला नंबर लागेल असं तिच्या बाईंनी सांगितलं होतं, आणि पोरीनं ते स्वप्न धरून ठेवलं होतं. तेवढ्यात मोरगावकडच्या रावजींनी आपल्या मुलासाठी, शंभूराजसाठी, तिला मागणी घातली. शंभूराज नोकरीला होता, घरची बाजरी-ज्वारी होती, दावणीला शेळ्या होत्या, माणसं सरळ होती. साखरबाई हटून बसली. "स्थळ दारात चालत आलंय, त्याला काय माघारी धाडू? शिकून तरी कुठं जायचंय?" प्रतिक्षा रडली, भांडली, तिनं बापाकडं बघितलं. आबाजी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो उठून गाडी पुसायला गेला. घरात वादळ उठलं की त्याचं ठिकाण ठरलेलं होतं, बॉनेटच्या आड.

साखरपुड्यापासून प्रतिक्षा आईशी बोलेनाशी झाली. आईनं वाढलेल्या ताटाला हात लावायची नाही, स्वतः उठून वाढून घ्यायची. काही सांगायचं असलं तर बापाकडं बघून म्हणायची, "आबा, घरात सांगा, मी विहिरीवर चाललीय." साखरबाईही कमी नव्हती. तीही आबाजीलाच म्हणायची, "सांगा तिला, ऊन लई हाय, डोक्याला काय तरी गुंडाळ म्हनावं." दोघींच्या मध्ये आबाजीचा पार टपालवाला झाला होता.

एके दिवशी परड्यात शेण सारवता सारवता साखरबाई मनातलं बोलली. "म्या लई करडं बोलले तिला. पन माझंबी काळीज हाय. आता काय बोलाया गेलं की ती उठून जातीया."

"जाऊ दे. पोरीचा राग," आबाजी म्हणाला.

"गाडीत बसल्यावर बोलंल ती," साखरबाई म्हणाली. "समद्या पोरी बोलत्यात. तुमीच सांगता न्हवं? भांडून बसलेल्याबी बोलत्यात. तवा तिला उठून जाता यायचं न्हाय. म्या दहीभात कालवीन आन् खिडकीतनं एक घास तरी भरवीन. तेवढा येळ द्या मला."

"देतो की," आबाजी म्हणाला. "गावाला दिला, तुला न्हाय व्हय?"

लग्नाच्या दिवशी हळदीच्या गडबडीतसुद्धा ती त्याला गाठून म्हणाली, "कागूद इसरू नका."

"न्हाय इसरत," त्यानं सांगितलं. पत्रिकेचा कोपरा त्यानं आधीच फाडून खिशात ठेवला होता.

गाडी दोन दिवस रविराजच्या गॅरेजवर होती, पॉलिशला म्हणून. मुहूर्ताच्या आधी रविराज ती घेऊन आला. काळी गाडी आरशासारखी चमकत होती, पुढं झेंडूच्या माळा, काचेवर नावं. पोरं गाडीभोवती गोळा झाली. रविराजनं बापाला हाताला धरून पुढं आणलं आणि बॉनेट उघडलं. तो इतका खुशीत होता की लहानपणी जत्रेतून आल्यावर असायचा तसाच दिसत होता.

"आबा, बघा."

आत डेल्कोच्या बाजूला एक नवीकोरी पत्र्याची डबी बसवलेली होती. तिच्यातनं तीन तारा निघाल्या होत्या. रविराजनं डेल्कोची टोपी काढून दाखवली. खाली पॉइंट नव्हते. गुळगुळीत प्लास्टिकचं काहीतरी होतं.

"इलेक्ट्रॉनिक इग्निशन," रविराज म्हणाला. "पुण्याच्या नाना पेठेतनं आणलंय. आता पॉइंटच न्हाईत, तर घासायचं काय? स्टार्टर मारला की गाडी चालू. प्रतिक्षाच्या पाठवणीला कुणी हसायचं न्हाय, आबा. तुमच्या गाडीला आता जन्मात कुणी हसायचं न्हाय."

आबाजी त्या डबीकडं बघत राहिला. खिशातला कागद त्याच्या बोटांना लागत होता. पोरानं किती वर्षं ही सल मनात धरली होती, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याच वेळी साखरबाईचं बोलणंही आठवलं. "हे काढून आपलं जुनं बसव" असं त्यानं म्हणायला हवं होतं. पण पोराच्या तोंडाकडं बघून त्याची जीभ रेटेना. तो म्हणाला, "झ्याक झालं रं," आणि मनात ठरवलं, कागदाला जागा नसली म्हणून काय झालं? ऐन वेळी कॉइलची तार ओढून काढू. तार काय, कुणालाही ओढता येते. साखरबाईला सांगायचं कशाला? उगीच तिच्या जिवाला घोर.

इथं त्याचं चुकलं. इतकी वर्षं गाडी बंद पाडायला तो स्वतः स्टिअरिंगवर असायचा. आज तो नवरीचा बाप होता. नवरीचा बाप गाडी चालवत नसतो, तो मांडवात उभा राहून हात जोडत असतो.

लग्न लागलं. पंगती बसल्या, उठल्या. दोनदा आबाजी गाडीकडं निघाला आणि दोन्ही वेळा कुणीतरी त्याला परत ओढून नेलं. एकदा नवऱ्याच्या मामाला फेटा मिळाला नाही म्हणून तो रुसला होता, त्याची समजूत काढायची होती. दुसऱ्यांदा आचारी भांडायला उठला होता. ऊन कललं तशी रावजींची घाई सुरू झाली. दिवेलागणीच्या आत नवरानवरीला त्यांच्या देवाच्या पाया पडायचं होतं, तशी त्यांच्या घराची चाल होती.

प्रतिक्षा गाडीत जाऊन बसली. शंभूराज शेजारी बसला. रविराज स्टिअरिंगवर. आबाजीनं दाराकडं बघितलं. साखरबाई दारात नव्हती. ती आत दहीभात कालवत होती, निवांत, मीठ बघून, वर कोथिंबीर पेरून. तिला घाई नव्हतीच. गाडी लगेच निघायची नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आजूबाजूच्या बायकासुद्धा रेंगाळत होत्या. त्याही आबाजीच्या गाडीला ओळखून होत्या.

आबाजी गर्दीतून गाडीकडं निघाला. बॉनेटला हात घालायला चार पावलं राहिली होती. तेवढ्यात रावजींनी त्याला अडवलं. "व्याही, असं कसं? गळाभेट झाली न्हाय आपली." आणि त्या धिप्पाड माणसानं त्याला मिठी मारली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. आबाजीचे दोन्ही हात त्या मिठीत अडकले होते, तोंड रावजींच्या खांद्यावर होतं, आणि त्याला मागून आवाज आला. खर्र नाही, काही नाही. एका स्टार्टरला लँडमास्टर चालू झाली.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. "आरं तिच्यायला! आबाजीची गाडी सुरू झाली!" सगळा मांडव हसला. बँडवाल्यांनी जोर केला. रविराजनं खिडकीतून बापाकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत केवढा अभिमान होता. चाकाखालचं लिंबू फुटलं आणि गाडी हलली. मागच्या काचेतून आबाजीला लेकीचा चेहरा दिसला. ती दाराकडं बघत होती. मग तिनं बापाकडं बघितलं. मग धूळ उडाली आणि काही दिसेना.

साखरबाई दहीभाताचा डबा घेऊन दारात आली तेव्हा बायका पांगायला लागल्या होत्या.

डबा घेऊन ती उंबऱ्यावर बसली. पाव्हणे गेले, मांडववाले आले, सतरंज्या गोळा झाल्या, तरी ती तशीच. शेवटी आबाजी जवळ गेला तेव्हा ती म्हणाली, "कागूद इसरलात व्हय?"

खरं सांगायचं म्हटलं तर रविराजचं नाव घ्यावं लागलं असतं. जन्मभर साखरबाईच्या मनात राहिलं असतं की पोरानं ती डबी बसवली म्हणून लेक तशीच गेली. पोराला कळलं असतं तर त्यानं ती हातोड्यानं फोडली असती आणि वर स्वतःचं डोकंही. आबाजीनं खिशातला कागद मुठीत चुरगाळला.

"व्हय," तो म्हणाला. "इसरलो."

"गावच्या समद्या पोरींचा कागूद ध्यानात ऱ्हायला," साखरबाई म्हणाली. तो दहीभात तिनं कुणाला दिला नाही, गाईलाही घातला नाही. अंधार पडायच्या वेळेला तिनं तो एकटीनं खाल्ला.

पाचपरतावणाला प्रतिक्षा माहेरी आली. हिरवा चुडा, नवी साडी, पाव्हणी झाली होती. आईशी बोलली, पण कसं? "चहा घेतीस?" "घेते." "तिकडं पानी बरं हाय का?" "हाय." शेजारणी बघायला आल्या होत्या, त्यांना वाटलं मायलेकींचं गोड झालं. आबाजीला तसं वाटलं नाही. आधी त्या भांडत होत्या, तेव्हा निदान एकमेकींच्या होत्या. आता साखरबाई कसलीतरी वाट बघत होती आणि प्रतिक्षाही कसलीतरी वाट बघत होती, आणि दोघींना काय अडलंय हे त्या घरात एकट्या आबाजीला माहीत होतं. त्यानं एक शब्द बोलायचा होता. तो उठून गाडी पुसायला गेला. दिवाळीला पोरगी चार दिवस राहायला येईल, तेव्हा निवांत सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

दिवाळी साखरबाईनं बघितली नाही. भादव्यात तिला ताप आला. साधा ताप म्हणून अंगावर काढला, मग इंजेक्शनं झाली, मग बारामतीला दवाखान्यात न्यावं लागलं. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. रविराज लँडमास्टर घेऊन प्रतिक्षाला आणायला गेला. आबाजी खाटेशी बसून होता. साखरबाईचे डोळे उघडे होते, पण मनानं ती दवाखान्यात नव्हती.

"झालाच दहीभात," ती म्हणाली. "थांबवा जरा."

आबाजीनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "थांबवलीय," तो म्हणाला. "ये निवांत. काय घाई न्हाय."

तिला बरं वाटलं असावं. तिनं डोळे मिटले. ते तिनं पुन्हा उघडले नाहीत.

मोरगावकडून बारामतीपर्यंत गाडीनं वाटेत एक उचकीसुद्धा दिली नाही. रविराजनं ती पळवत आणली. प्रतिक्षा दवाखान्याच्या पायऱ्या धावत चढून आली, आणि तिथं आबाजी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडं बघून ती जिन्यातच बसली.

तेराव्यापर्यंत ती माहेरी राहिली. रडली नाही. आल्यागेल्याचं बघितलं, स्वयंपाक केला, आईच्या लुगड्यांच्या घड्या घातल्या. बायका म्हणायच्या, मोठ्या धीराची पोर. आबाजीला तिच्या कोरड्या डोळ्यांची भीती वाटायला लागली होती.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी ती परत निघाली. सकाळची वेळ. रविराजनं गाडी दारात आणून लावली.

"आज मी सोडतो तिला," आबाजी म्हणाला. रविराजनं किल्ली बापाच्या हातात दिली आणि बाजूला झाला.

प्रतिक्षा मागच्या सीटवर बसली. शेजारच्या दोन बायका दारात उभ्या होत्या, बाकी कुणी नव्हतं. तिनं खिडकीची काच खाली केली. खिडकीशी कुणी आलं नाही. आबाजी पुढं बसला. त्यानं किल्ली हातात धरली आणि तो तसाच बसून राहिला.

"आबा," रविराज बाहेरून म्हणाला, "काय झालं?"

"चालू होईना."

"आवं, पर तुमी किल्लीच —"

"पॉइंटची भानगड हाय," आबाजी म्हणाला. "तू जा. विहिरीवरनं पान्याचा डबा भरून आण."

रविराज तिथंच उभा राहिला. त्या गाडीत पॉइंट नाहीत, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? त्यानं बापाच्या तोंडाकडं बघितलं, मागं बहिणीकडं बघितलं. मग डबा उचलला आणि विहिरीकडं गेला.

आबाजीनं किल्ली मांडीवर ठेवली.

"आबा," मागून प्रतिक्षा म्हणाली. "त्या दिवशी आईनंच सांगितलं हुतं न्हवं? कागूद ठेवू नका म्हनून?"

आबाजीनं मागं वळून बघितलं.

"मी वाट बघत हुते," ती म्हणाली. "ह्यांना म्हनले, गाडी आता बंद पडंल बघा. आई येईल. मी ठरवलं हुतं, ती आली की आधी मीच बोलायचं. आन् दादानं स्टार्टर मारला आन् गाडी निघालीच. मला वाटलं, तिला यायचंच न्हवतं. म्हनूनच आत जाऊन बसली."

"न्हाय गं बाई," आबाजी म्हणाला. "ती सकाळधरनं मागं लागलीती, कागूद इसरू नका म्हनून. दहीभात कालवत हुती आत. तुला खिडकीतनं घास भरवायचा हुता. निवांत कालवत हुती गं, माझ्या जिवावर. कागूद माझ्या खिशात हुता. ठेवायला जागाच न्हवती. दादानं पॉइंट काढलं हुतं, तुला कुणी हसू नये म्हनून. आन् मी तिला सांगितलं न्हाय. मागनं तुलाबी सांगितलं न्हाय."

प्रतिक्षानं पदर तोंडावर घेतला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. तसलं रडणं आबाजीनं पुष्कळ ऐकलं होतं, पण बॉनेटच्या पलीकडून. तो दार उघडून खाली उतरला. पाय सवयीनं पुढं गेले, हात सवयीनं बॉनेटवर पडला. मग त्यानं तो उचलला आणि गाडीला वळसा घालून मागच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. तिथं तो आजवर कधी उभा राहिला नव्हता.

"हितं काय बोलत्यात गं?" त्यानं विचारलं. "म्या कवा ऐकलंच न्हाय."

प्रतिक्षानं डोळे पुसले नाहीत. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला.

"काय न्हाय बोलत, आबा," ती म्हणाली. "नुसता हात धरून उभं ऱ्हायाचं."

त्यानं तिचा हात धरला. रविराजचा डबा कधीच भरला होता. तो विहिरीपाशीच उभा राहिला, गाडीकडं आला नाही.